टर्बो इंजिनाला नायट्रस ऑक्साइडची जोड : इंधनाच्या दाबापासून पहिल्या चाचणीपर्यंत

टर्बोचार्जर आणि नायट्रस ऑक्साइड या दोघांचेही काम शेवटी एकच असते, ते म्हणजे सिलिंडरमध्ये नेहमीपेक्षा अधिक ऑक्सिजन पोहोचवणे. फरक वेळेचा आहे. टर्बोला गती घेण्यासाठी आधी एक्झॉस्टचा जोर लागतो आणि तो जोर येईपर्यंत चालकाला थांबावे लागते. नायट्रस मात्र सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) उघडताक्षणी काम सुरू करतो. म्हणूनच या दोघांची जोडी चांगली जमते. नायट्रसमुळे जोराचे ज्वलन होते, एक्झॉस्ट वाढतो, टर्बाइन लवकर फिरू लागते आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला वाढीव दाब, लवकर भरतो. ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांवर ‘जीएम-१’ या नावाची नायट्रस यंत्रणा वापरली गेली होती, आणि विरळ हवेत सुपरचार्जर कमी पडू लागला की इंजिनाची शक्ती टिकवणे हाच तिचा उद्देश होता.

नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. त्याच्या वजनात सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो, तर हवेत हे प्रमाण साधारण २३ टक्के असते. सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर हा वायू फुटतो आणि त्यातला ऑक्सिजन ज्वलनासाठी मोकळा होतो. बाटलीतून द्रवरूपात येणारा हा वायू उणे ८८ अंशांच्या आसपास उकळतो, त्यामुळे नोझलमधून बाहेर पडताच तो भोवतालची हवा झपाट्याने थंड करतो, आणि टर्बोने तापवलेल्या हवेसाठी हा मोठाच फायदा आहे. पण शक्ती येते ती त्या ऑक्सिजनसोबत जाळलेल्या जादा पेट्रोलमधून. ते पेट्रोल क्षणभर कमी पडले, तर मिश्रण पातळ होते, तापमान चढते आणि पिस्टनला भोक पडायला काही सेकंदही पुरतात. म्हणून बाटली बांधणे आणि नोझल बसवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. खरे कष्ट दोन ठिकाणी घ्यावे लागतात : बूस्ट असतानाही पेट्रोल पुरेल अशी सोय करणे, आणि ते न पुरल्यास वायू आपोआप थांबेल अशी साखळी उभारणे. पुढील सर्व विवेचन पेट्रोल इंजिनांपुरते आहे.

आधी इंजिनाची खातरजमा

नायट्रस कमजोर इंजिनाला बळ देत नाही, उलट त्याची कमजोरी उघड करतो. सामान खरेदी करण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर आधी तिचे कारण शोधावे. त्यानंतर लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती किती गळते ते मोजणे) करावी आणि टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) सर्व पाइपांमध्ये दाब भरून कुठे गळती आहे का ते पाहावे, कारण गळक्या पाइपांवर ठरवलेले कोणतेही ट्यूनिंग विश्वासाचे नसते.

पिस्टन ओतीव आहेत की घडीव, यावर डोसाची, म्हणजे नायट्रसने किती अश्वशक्ती वाढवायची त्याची, मर्यादा ठरते. इथे एक बारकावा आहे. ज्वलनाची उष्णता वाढली की पिस्टन रिंगा प्रसरण पावतात आणि त्यांच्या दोन टोकांमधली फट कमी होते. ती फट पूर्ण मिटली तर टोके एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरच्या भिंतीत अडकते आणि पिस्टनचा वरचा काठ तुटतो. कारखान्यातून आलेल्या टर्बो इंजिनात रिंगांची फट त्या इंजिनाच्या मूळ बूस्टचा विचार करून ठेवलेली असते, वर नायट्रसचा विचार केलेला नसतो. त्यामुळे मूळ पिस्टन असलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनावर ३५ ते ५० अश्वशक्तीच्या डोसाने सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. याहून मोठा डोस हवा असेल, तर घडीव पिस्टन, वाढवलेली रिंग-फट आणि मजबूत हेड बोल्ट यांचा खर्च आधी करावा. क्लचही तपासावा, कारण नायट्रसचा टॉर्क हळूहळू चढत नाही, एकदम येतो.

कोणती पद्धत निवडावी

‘ड्राय’ पद्धतीत नोझलमधून फक्त नायट्रस सोडला जातो आणि जादा पेट्रोल इंजिनाचे मूळ इंजेक्टर देतात. ‘वेट’ पद्धतीत एकाच नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही येतात. ‘डायरेक्ट पोर्ट’मध्ये प्रत्येक सिलिंडरच्या नळीला स्वतंत्र नोझल असतो. तो मोठ्या डोसासाठी योग्य, पण खर्चिक आणि खटाटोपाचा असतो. ज्याच्याकडे पूर्णपणे प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आहे आणि ज्याच्या इंजेक्टरांत पुरेशी क्षमता शिल्लक आहे, त्याने ड्राय पद्धत घ्यावी. तिच्यात इनटेकमध्ये पेट्रोल साचण्याचा धोका नसतो. ईसीयू मूळचाच असेल, तर लहान डोसाची वेट पद्धत अधिक सरळ पडते. पुढील पायऱ्या मुख्यतः तिच्यासाठीच आहेत.

इंधनाचा दाब

टर्बो इंजिनावरच्या नायट्रसचे सर्वांत मोठे संकट इथे दडलेले असते आणि टर्बो नसलेल्या साध्या इंजिनांसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. वेट नोझलमधून किती पेट्रोल बाहेर पडेल, हे पेट्रोलच्या एकट्या दाबावर ठरत नाही. पेट्रोलचा दाब आणि नोझल ज्या पाइपात बसवला आहे तिथला दाब यांच्यातील फरकावर ते ठरते. समजा, इंधनाचा दाब ४ बारवर स्थिर आहे आणि बूस्ट १.२ बार आहे. म्हणजे प्रत्यक्ष फरक उरला २.८ बारचा. प्रवाह हा दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे पेट्रोल सुमारे १६ टक्क्यांनी कमी येईल. नायट्रस मात्र ६५ बारच्या आसपासच्या दाबाने येत असतो. त्याच्या दृष्टीने १.२ बारचा विरोध म्हणजे जवळजवळ काहीच नाही. त्याचा प्रवाह एक टक्काही घटत नाही. अर्थ असा की, इंजिनावर ताण सर्वाधिक असतो नेमक्या त्याच क्षणी मिश्रण पातळ होते.

यावर उपाय म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्या) दाबाची नळी घेणारा इंधन रेग्युलेटर, म्हणजे इंधनाचा दाब राखणारा भाग. बूस्ट जितका वाढेल, तितकाच तो इंधनाचा दाब वाढवतो : मूळ दाब ३ बार असेल तर १.२ बार बूस्टला तो ४.२ बार होतो आणि फरक कायम ३ बार राहतो. ज्या गाड्यांत टाकीकडे परत जाणारी इंधनाची लाइन नसते आणि दाब स्थिर ठेवलेला असतो, तिथे ईसीयू इंजेक्टर अधिक वेळ उघडा ठेवून तूट भरून काढतो. नोझलमधला जेट मात्र नुसते भोक आहे, त्याला अशी भरपाई करता येत नाही. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या आधुनिक टर्बो इंजिनांत तर इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या उच्च दाबाच्या नळीला (रेल) हातही लावू नये, आणि पंपाकडून येणाऱ्या कमी दाबाच्या लाइनमधला दाबही बऱ्याचदा ईसीयूच्या मर्जीने बदलत असतो. अशा गाडीसाठी नायट्रसपुरती छोटी स्वतंत्र इंधन टाकी, तिचा स्वतःचा पंप आणि बूस्टला जोडलेला रेग्युलेटर बसवणे हाच मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. त्या टाकीत अधिक ऑक्टेनचे पेट्रोल भरता येते, हा वरचा लाभ.

पंपाचा हिशेब कागदावर मांडावा. टर्बो इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागते असे धरले, तर २५० अश्वशक्तीच्या इंजिनाला सुमारे ६८ किलो, म्हणजे ९० लिटरांहून थोडे अधिक पेट्रोल लागेल. ५० अश्वशक्तीचा डोस त्यात तासाला आणखी १८ लिटरांची भर घालतो. पंपाच्या डब्यावरचा आकडा बहुतेक वेळा कमी दाबावरचा असतो. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो. म्हणून ११० लिटरांची गरज पंपाने ४.२ बारला आणि गाडी चालू असतानाच्या व्होल्टेजवर भागवली पाहिजे, तेही किमान वीस टक्के हात राखून.

बाटली आणि लाइन

साधारण साडेचार किलो वायूची बाटली लहान डोसासाठी पुरेशी असते. १०० अश्वशक्तीच्या डोसाला दहा सेकंदांत सुमारे ३५० ग्रॅम वायू लागतो, त्यावरून आपला हिशेब करता येतो. बाटलीच्या आत एक वाकडी नळी असते, तिचे टोक तळाशी आणि मागच्या बाजूला राहिले तरच द्रव नायट्रस बाहेर येतो. म्हणून आडवी बाटली बसवताना व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या दिशेला, लेबल वर आणि व्हॉल्व्हकडची बाजू सुमारे १५ अंश उंच ठेवावी. गाडी वेग घेते तेव्हा द्रव मागे सरकतो आणि नळीचे टोक त्यात बुडालेले राहते. बाटलीची कंसे गाडीच्या पत्र्यावर नव्हे, तर चॅसिसच्या मजबूत भागाला, मागे जाड पट्टी लावून बोल्टने कसावीत. बाटलीवर दाब मर्यादेबाहेर गेल्यास फुटणारी सुरक्षा चकती असते. त्या चकतीची वाट नळीने गाडीबाहेर काढणे टाळू नये. बंद केबिनमध्ये वायू सुटला तर तो श्वासातील हवेची जागा घेतो आणि माणूस बेशुद्ध होऊ शकतो. गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये अत्यल्प सल्फर डायऑक्साइड मिसळण्याची पद्धत आहे, जेणेकरून कोणी तो हुंगू नये. वैद्यकीय वायूला तो पर्याय नाही.

लाइन गाडीखालून नेताना एक्झॉस्ट, हँडब्रेकची केबल, फिरणारे भाग आणि बॅटरीची मुख्य तार यांपासून दूर ठेवावी आणि हाताच्या दोन पंज्यांच्या अंतराने रबरी अस्तराच्या क्लिपा लावाव्यात. जोडण्यांबद्दल दोन गोष्टी कसोशीने पाळाव्यात. शंकूच्या आकाराच्या एएन जोडण्यांना कोणताही लेप लागत नाही. निमुळत्या आट्यांच्या जोडण्यांना द्रवरूप टेफ्लॉन लेप लावावा, तोही पहिल्या दोन आट्या सोडून. टेफ्लॉनची टेप मात्र अजिबात वापरू नये, कारण तिचा एक धागा तुटून जेटमध्ये अडकला, आणि तो जेट पेट्रोलचा असला, तर परिणाम सांगायला नको. नायट्रसच्या जोडण्यांना तेल किंवा ग्रीसही लागू देऊ नये. सोलेनॉइडच्या आधी दोन्ही लाइनींत फिल्टर बसवावेत, सोलेनॉइड नोझलच्या शक्य तितके जवळ आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड व टर्बोच्या उष्णतेपासून लांब असावेत. टर्बो इंजिनाच्या गर्दीत अशी जागा सापडणे कठीण असते, तरी उष्णतारोधक पत्रा लावून ती तयार करावी.

नोझलची जागा

नोझल इंटरकूलरच्या (टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा भाग) नंतर आणि थ्रॉटल बॉडीच्या १५ ते ३० सेंटिमीटर आधी बसवावा. वेट नोझल टर्बोच्या आधी किंवा इंटरकूलरच्या आधी कधीही बसवू नये. इंटरकूलरच्या पोटात पेट्रोल साचले, तर तो स्फोटाचा साठाच ठरतो. हवेचे तापमान मोजणारा सेन्सर नोझलच्या आधी असावा, नाहीतर थंड फवारा त्यावर पडून ईसीयूला चुकीचे आकडे मिळतात. टर्बो गाडीत आणखी एक गोष्ट पाहायची : ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह कुठे आहे? थ्रॉटल मिटताच हा व्हॉल्व्ह पाइपातला दाब बाहेर सोडतो. नोझल त्याच्या आधी असेल, तर पेट्रोलमिश्रित हवा तापलेल्या इंजिनाच्या कप्प्यात फेकली जाईल. नोझल आणि थ्रॉटल यांच्या मध्ये हवा बाहेर पडण्याची एकही वाट नको.

पाइपाला भोक पाडण्यापूर्वी तो गाडीवरून उतरवावा. पाइप जागेवरच ठेवून पाडलेल्या भोकातला धातूचा कीस थेट सिलिंडरमध्ये जातो. रबरी किंवा प्लास्टिकच्या पाइपात आट्या पाडू नयेत, बूस्टखाली त्या निघून येतात; तिथे अॅल्युमिनियमचा तुकडा घालून त्यावर नोझलची बैठक वेल्ड करावी. फवाऱ्याचे तोंड थ्रॉटलकडे आणि पाइपाच्या मध्यरेषेत असावे.

वायू थांबवणारी साखळी

रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीची फ्यूज लावलेली तार, ८७ ला दोन्ही सोलेनॉइड, ८६ ला डॅशबोर्डवरील मुख्य स्विच आणि ८५ ला जमिनीची, म्हणजे अर्थची, तार, ही मांडणी नेहमीचीच आहे. महत्त्वाचे ते ८५ आणि जमीन यांच्या दरम्यान एकापाठोपाठ एक बसवलेले स्विच. यांतला एकही उघडला, म्हणजे त्याने वीज तोडली, तरी दोन्ही सोलेनॉइड एकाच वेळी बंद झाले पाहिजेत.

पहिला स्विच थ्रॉटल पूर्ण उघडल्याशिवाय मिटत नाही. दुसरा इंजिनाच्या फेऱ्यांवर लक्ष ठेवतो : मिनिटाला साधारण ३,००० फेऱ्यांच्या खाली वायू सुरू होऊ नये, कारण कमी फेऱ्यांवर सिलिंडरमधला दाब इतका चढतो की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि रेव्ह लिमिटर (फेऱ्या ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) लागण्याच्या काही शे फेऱ्या आधी तो बंद व्हावा. लिमिटर बहुतेक गाड्यांत इंजेक्टर बंद करून काम करतो. त्या वेळी नायट्रस चालू राहिला, तर इंजिनाला ऑक्सिजन मिळतो पण पुरेसे पेट्रोल मिळत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलही अनेकदा तसेच करतो, म्हणून नायट्रस वापरताना तो बंद ठेवावा किंवा त्याचा सिग्नल साखळीत घ्यावा.

तिसरा स्विच इंधनाच्या दाबाचा. साध्या संचात येणारा स्विच एका ठरावीक दाबाखाली उघडतो, समजा २.५ बार. पण बूस्टला जोडलेल्या रेग्युलेटरवर तो फसवा ठरतो. बूस्ट १.२ बार असताना पंप दमला आणि दाब ४.२ वरून २.६ वर आला, तरी हा स्विच सारे ठीक असल्याचेच सांगेल, प्रत्यक्षात फरक १.४ बारच उरलेला असेल. म्हणून मॅनिफोल्डच्या दाबाशी तुलना करणारा स्विच, किंवा दोन्ही दाब मोजून फरकावर निर्णय घेणारा कंट्रोलर वापरावा. या एका भागावर पैसे वाचवू नयेत.

चौथा स्विच बूस्टच्या वरच्या मर्यादेचा. नायट्रस फक्त टर्बोला लवकर जागे करण्यासाठी हवा असेल, तर तो ०.७ किंवा ०.८ बारवर उघडेल असा लावावा. त्यापुढचे काम टर्बो एकटा करतो. रस्त्यावरच्या मूळ इंजिनासाठी हीच रीत सर्वांत समंजस आहे, कारण पूर्ण बूस्ट आणि पूर्ण डोस एकाच वेळी सिलिंडरवर येत नाहीत.

प्लग, टायमिंग आणि बूस्ट

स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर वाहून नेणारे, घ्यावेत आणि फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी, कारण दाट मिश्रणात रुंद फटीतून ठिणगी उडणे कठीण जाते. इग्निशनचे टायमिंग दर ५० अश्वशक्तीमागे किमान २ अंश मागे घ्यावे, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा पाडावी; बूस्टसह चालणाऱ्या इंजिनावर पहिल्या चाचणीत आणखी एक अंश मागे राहणे बरे. टायमिंग फार मागे घेतले तर एक्झॉस्टचे तापमान वाढते आणि तो भार टर्बाइनवर येतो, हेही ध्यानात ठेवावे. वेस्टगेटकडेही, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेकडेही, पाहिले पाहिजे. नायट्रसमुळे एक्झॉस्टचा प्रवाह वाढतो आणि लहान वेस्टगेट तो वळवू शकला नाही, तर बूस्ट ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळतो. त्यासाठी सुरुवातीच्या चाचण्या ०.२ ते ०.३ बार कमी बूस्टवर कराव्यात.

चाचणी

इंजिन बंद असताना बाटली उघडी ठेवून सोलेनॉइड कधीही चालवू नये. इनटेकमध्ये साचलेला वायू पुढच्या स्टार्टला मॅनिफोल्ड फोडतो. आधी बाटली बंद ठेवून आणि इंजिन आयडलवर ठेवून फक्त पेट्रोलचे सोलेनॉइड क्षणभर उघडावे. इंजिन गुदमरले, फेऱ्या पडल्या, म्हणजे पेट्रोल येते आहे. नायट्रसच्या सोलेनॉइडचा खटका तारेने वेगळा तपासावा. मग हातमोजे आणि चष्मा घालून बाटली उघडावी, प्रत्येक जोडणीवर साबणाचे पाणी लावावे आणि काही वेळाने गेजवरचा दाब उतरला का ते पाहावे. सुटणारा द्रव त्वचेला लागला तर हिमदंश होतो.

बाटलीचा दाब चाचणीआधी ६० ते ६५ बार असावा. थंडीत त्यासाठी तापमान-नियंत्रण असलेला विजेचा हीटर वापरावा, ज्योत कदापि नको. उन्हात बंद गाडीतली बाटली ३६ अंशांपुढे गेली की तिच्यातला द्रव वेगळा उरत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. तेवढ्या दाबावर नायट्रस जास्त येतो आणि मिश्रण पातळ होते. तापलेली बाटली आधी थंड होऊ द्यावी.

पहिली चाचणी डायनोवर (गाडी जागेवरच चालवून शक्ती मोजणारे यंत्र) किंवा बंदिस्त ट्रॅकवर घ्यावी. सार्वजनिक रस्त्यावर नायट्रस वापरण्याबाबतचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात, ते आधी पाहावेत. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये, तीन-चार सेकंदच वायू द्यावा. लॅम्ब्डा (हवा-पेट्रोल मिश्रणाचा आकडा; १ पेक्षा जितका कमी तितके मिश्रण दाट), इंधनाचा दाब, बूस्ट, टायमिंग आणि नॉक सेन्सर (अवेळी, आघाती ज्वलन म्हणजे नॉकिंग ओळखणारा) यांची नोंद एकत्र घ्यावी. लॅम्ब्डा ०.७६ ते ०.८० च्या दरम्यान असावा. तो ०.८२ च्या वर सरकताना दिसला किंवा नॉकिंगची एकही खूण आढळली, तर तिथेच थांबून पेट्रोलचा जेट एक पायरी मोठा घ्यावा. नायट्रसचा जेट त्या दिवशी वाढवू नये. नोंदीत पहिल्या अर्ध्या सेकंदाकडे विशेष पाहावे, कारण सोलेनॉइड उघडताना इंधनाचा दाब तिथेच खचतो.

प्रत्येक फेरीनंतर इंजिन थंड होऊ द्यावे आणि निदान एक प्लग काढून पाहावा. सिरॅमिकवर चकाकणारे बारीक ठिपके दिसले, तर ते पिस्टनचे अॅल्युमिनियम आहे आणि काम तिथेच थांबवून सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून पाहावे. बाटलीचा दाब ५५ बारच्या खाली गेला की मिश्रण दाट होऊ लागते आणि शक्ती घटते. ते इंजिनाला घातक नाही, पण त्या दाबावर जेट बदलण्याचे निर्णय घेऊ नयेत. दिवस संपला की बाटलीचा व्हॉल्व्ह आधी बंद करावा, मग लाइनमधला उरलेला वायू पर्जच्या, म्हणजे लाइन रिकामी करण्यासाठी ठेवलेल्या, वाटेने इनटेकपासून दूर सोडावा. सोलेनॉइडमधली सील उत्पादकाच्या वेळापत्रकाप्रमाणे बदलावीत, आणि बाटलीवर कोरलेली दाब-तपासणीची मुदत उलटून गेलेली असेल तर ती पुन्हा भरून आणू नये.